कॉम्प्लेक्स झालं म्हणून पोटेन्शियल घटतंच असं नाही

परीक्षा जवळ आली की सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बी.एस्सी.च्या मुलांच्या फोनवर एक मेसेज फिरतो: ‘लिगँड लागला की पोटेन्शियल घटतं. तक्त्यातल्या किमतीतून ०.०५९ गुणिले लॉग बीटा वजा करा. पायऱ्या असतील तर व्होल्टांची बेरीज करा.’ मुलं हे पाठ करतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे. (लिगँड म्हणजे धातूच्या आयनाला चिकटणारा रेणू किंवा आयन, त्यातून बनतं ते कॉम्प्लेक्स; पोटेन्शियल म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, व्होल्टांत मोजलेली; बीटा म्हणजे कॉम्प्लेक्स किती घट्ट आहे ते सांगणारा स्थिरांक.)

आधी वजाबाकी. ती चांदीला लागू पडते, म्हणूनच खरी वाटते. चांदीच्या आयनाचं +०.८० व्होल्ट, अमोनिया कॉम्प्लेक्सचा लॉग बीटा ७.२, उत्तर +०.३७, अगदी बरोबर. पण तिथे दुसऱ्या बाजूला नुसता धातू आहे, त्याला लिगँड चिकटलेलाच नाही. लोखंडात सायनाइड फेरिकलाही (तीन धन भारांचा आयन) धरतो आणि फेरसलाही (दोन भारांचा). मेसेजच्या रीतीने ०.७७ मधून ०.०५९ गुणिले ४२ वजा केलं तर उणे १.७ येतं. तसं खरंच असतं तर फेरोसायनाइड (फेरसचं सायनाइड कॉम्प्लेक्स) पाण्यात टाकताच हायड्रोजन सुटला असता. प्रयोगशाळेत त्याचं पिवळं द्रावण आपण नेहमी करतो, बुडबुडाही दिसत नाही. वजा करायचा तो दोन्ही लॉग बीटांमधला फरक: फेरिकचा सुमारे ४२, फेरसचा ३५, फरक ७. ०.७७ मधून ०.४१ गेले, उरले +०.३६. मोजलेली किंमतही हीच आहे.

मग ‘घटतंच’ कुठून आलं? लिगँड फेरसला जास्त घट्ट धरत असेल तर पोटेन्शियल वाढतं. फिनॅन्थ्रोलीन नेमकं तेच करतं: त्याच्या लोह-कॉम्प्लेक्सचं पोटेन्शियल आम्लात सुमारे +१.०६ आहे. टायट्रेशनमध्ये (द्रावण थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजताना) लालवरून फिकट निळा होणारा दर्शक फेरॉइन तो हाच, आणि शेवटच्या बिंदूला त्याचा रंग पालटतो तो या वाढलेल्या पोटेन्शियलमुळेच.

व्होल्टांची बेरीज तर सरळ चूक. क्युप्रिक (दोन भारांचा तांब्याचा आयन) ते क्युप्रस (एका भाराचा) ०.१५, क्युप्रस ते तांबं ०.५२, बेरीज ०.६७, पण क्युप्रिक ते तांबं हे ०.३४ आहे. बेरीज मुक्त ऊर्जेची होते, म्हणजे इलेक्ट्रॉन गुणिले व्होल्टांची. इथे एकेका इलेक्ट्रॉनच्या दोन पायऱ्या, एकूण दोन इलेक्ट्रॉन आहेत, म्हणून बेरजेला २ ने भागायचं.

आणि ०.०५९ हा आकडा २५ अंश सेल्सिअसचा. मे महिन्यात पुण्यातल्या प्रयोगशाळेत पारा ३५ वर असेल, तर तिथे ०.०६१ घ्या.