कार्डिॲक ॲम्ब्युलन्स हवीच, पण आधी छाती दाबा

लग्नाच्या वरातीत नाचताना किंवा जिममध्ये कुणी तरुण कोसळल्याचा व्हिडिओ महाराष्ट्रातून फिरत फिरत इथे इंग्लंडमध्येही पोचतो. मागोमाग ठरलेली चर्चा येते : आपल्या तालुक्यात कार्डिॲक ॲम्ब्युलन्स किती, त्यात व्हेंटिलेटर आहे का, सोबत एमबीबीएस डॉक्टर का नाही. मागणी रास्त आहे. राज्यात १०८ सेवा २०१४मध्ये सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ एएलएस, म्हणजे प्रगत, आणि ७०४ बीएलएस, म्हणजे प्राथमिक. म्हणजे चारांतल्या तीन गाड्या प्राथमिकच. तरीही मला वाटतं, ही चर्चा चुकीच्या टोकाला सुरू होते. ऑक्टोबर २०२५मध्ये हृदय अचानक थांबलेल्याला कसं वाचवायचं याच्या अमेरिका, युरोप आणि ब्रिटन या तिघांच्याही नव्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्या आणि त्यांच्या आधीच्या दहा वर्षांतले बदल एकत्र वाचले, की हे लख्ख दिसतं.

अ‍ॅड्रेनालिनचंच घ्या. थांबलेलं हृदय चालू करण्यासाठी हे औषध देतात. इंग्लंड-वेल्समधल्या पाच रुग्णवाहिका सेवांनी हृदय थांबलेल्या आठ हजारांवर रुग्णांवर त्याची चाचणी केली. निम्म्यांना अ‍ॅड्रेनालिन, निम्म्यांना नुसतं सलाइन. २०१८मध्ये निकाल आला. तीस दिवसांनी जिवंत होते ३.२ टक्के विरुद्ध २.४ टक्के. पण वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेले अ‍ॅड्रेनालिनच्या गटात ३१ टक्के निघाले, सलाइनच्या गटात १७.८ टक्के. औषध हृदय चालू करतं, मेंदूची हमी देत नाही. म्हणून ते सूचनांमधून गेलं नाही, पण त्याची जागा नेमकी ठरली : विजेच्या शॉकचा उपयोग नसलेल्या रिदममध्ये (हृदयाच्या विद्युत लयीत) शक्य तितक्या लवकर १ मिलिग्रॅम, शॉक देण्याजोग्या रिदममध्ये युरोप-ब्रिटनच्या सूचनांनुसार तिसऱ्या शॉकनंतर, आणि मग दर ३ ते ५ मिनिटांनी. औषध देण्यासाठी हाडातली सुई शिरेपेक्षा सरस ठरली नाही, म्हणून आता आधी शीर शोधायची. पॅरामेडिकच्या हातात श्वासनलिकेतली ट्यूब आणि घशात बसवायचा आय-जेल यांच्या निकालात फरक दिसला नाही. ज्या ज्या गोष्टीला आपण ‘प्रगत उपचार’ म्हणतो, तिची अशी एकेक परीक्षा झाली आहे.

जिथे खरी उत्सुकता आहे ती विजेच्या बाजूला. कॅनडातल्या ऑन्टारिओत तीन शॉक देऊनही न थांबणाऱ्या व्हीएफवर, म्हणजे हृदयाच्या नुसत्या थरथरीवर, चाचणी झाली, २०२२मध्ये छापून आली. नेहमीच्या पद्धतीने शॉक दिलेल्यांपैकी १३.३ टक्के घरी गेले, पॅडची (शॉक देण्यासाठी अंगावर चिकटवायच्या पट्ट्यांची) जागा बदललेल्यांपैकी २१.७, आणि दोन डिफिब्रिलेटरनी, म्हणजे शॉकच्या यंत्रांनी, लागोपाठ शॉक दिलेल्यांपैकी ३०.४ टक्के. आकडे भुरळ पाडणारे आहेत, पण रुग्ण अवघे चारशेच्या आसपास. अमेरिकेने दोन्ही पद्धतींचा उपयोग अजून सिद्ध नाही म्हटलं. युरोपने दोन यंत्रांची पद्धत सरसकट नको म्हटलं, पॅडची जागा बदलून बघायला मात्र वाव ठेवला. महाराष्ट्राने याबाबतीत दुसऱ्या यंत्राच्या निविदेमागे लागू नये. एक पॅड छातीवर पुढे, दुसरं पाठीवर डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, एवढंच करायचं आहे. त्याला पॅडचा एक जादा जोड आणि एक दिवसाचा सराव पुरतो.

त्याआधी नेहमीची जागा तरी नीट साधायला हवी. पहिलं पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डाव्या काखेखाली, बरगड्यांच्या बाजूला. चूक होते ती दुसऱ्या पॅडमध्ये : ते पुढे, स्तनाग्राजवळ चिकटवलं जातं आणि वीज हृदयाला बगल देऊन जाते. बाई असेल तर हात संकोचतो, पॅड आणखी वर सरकतं. अमेरिकेच्या नव्या सूचना म्हणतात की ब्रा काढलीच पाहिजे असं नाही, बाजूला सरकवून पॅड उघड्या त्वचेवर लावलं तरी चालेल. आपल्याकडे, भर रस्त्यात, ही सवलत फार मोलाची आहे. घामेजलेली छाती आधी कोरडी पुसायची, दाट केस असतील तर काढायचे. म्हणजे पेटीत टॉवेल आणि रेझर हवाच. बऱ्याच पॅडच्या पाकिटावर साठवणुकीची कमाल मर्यादा ५० अंश छापलेली असते. मे महिन्यात चंद्रपुरात उन्हात बंद उभी असलेली गाडी ती सहज ओलांडते. जेल सुकतं, पॅड चिकटत नाही, यंत्र ‘पॅड तपासा’ म्हणत राहतं आणि दोष यंत्राला दिला जातो.

औषधाच्या पेटीचंही तसंच. इथे अ‍ॅड्रेनालिन १० मिलिलिटरच्या भरलेल्या सिरिंजमध्ये येतं. आपल्याकडे १ मिलिलिटरचं काचेचं ॲम्प्युल फोडायचं, ओढायचं, द्यायचं, मागून २० मिलिलिटर सलाइन ढकलायचं आणि हात वर धरायचा. नाही तर औषध कोपरातच राहतं. हे सगळं करणारा माणूस तेवढा वेळ छाती दाबत नसतो. १०८च्या गाडीत साधारण एक डॉक्टर आणि एक पायलट, म्हणजे चालक, असतो, तेव्हा प्रश्न डॉक्टर बीएएमएस की एमबीबीएस हा नाहीच. पायलटला छाती दाबायला शिकवलंय का, हा आहे.

कारण दाब ५ ते ६ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. थकलेल्या माणसाचा दाब उथळ होतो आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. मध्ये थांबलं की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला रक्तदाब काही सेकंदांत कोसळतो, तो पुन्हा उभा करायला कितीतरी दाब खर्ची पडतात. चाळीच्या जिन्यातून स्ट्रेचर उतरवताना हे अशक्यच. नातेवाईक ओरडत असतात, ‘आधी दवाखान्यात न्या!’ इथे पॅरामेडिक शक्यतो जागेवरच काम करतात, आणि पूर्ण उपचार चालू असूनही सलग २० मिनिटं रेषा सपाट राहिली तर तिथेच थांबण्याचा अधिकार त्यांना असतो. आपल्याकडे घरच्यांना हे पटवणं अवघड आहे, पण पळवापळवीने हाती फक्त हललेला मृतदेह लागतो.

आणि सगळ्यात स्वस्त सुधारणा फोनवर आहे. युरोपची नवी सूचना सांगते : माणूस हाकेला ओ देत नाही ना, मग श्वास तपासत बसू नका, आधी फोन लावा, स्पीकरवर ठेवा, श्वासाचं समोरचा विचारील. हे फार शहाणपणाचं आहे, कारण लोक आचक्यांना श्वास समजतात आणि थांबून राहतात. १०८ उचलणाऱ्याने शुद्ध मराठीत, ठरलेल्या चार वाक्यांत, ‘छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, जोरात दाबा, मी मोजतो’ एवढं म्हणायला ॲम्ब्युलन्स विकत घ्यावी लागत नाही. भारतीय भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१७मध्ये आलेल्या सूचना सामान्य माणसाला तोंडाने श्वास द्यायला सांगतच नाहीत, फक्त दाब. डेन्मार्कने वाहन परवान्यासाठी प्रशिक्षण सक्तीचं केलं आणि इतर उपायही केले. २००१ ते २०१० दरम्यान बघ्यांकडून सीपीआर, म्हणजे छाती दाबण्याचा उपचार, मिळालेले रुग्ण २१ टक्क्यांवरून ४५वर गेले, तीस दिवस जगलेले ३.५वरून १०.८ टक्क्यांवर. कायद्याचं संरक्षण मात्र आपल्याकडे अपुरं आहे : मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यासाठी आहे, वरातीत कोसळलेल्याच्या छातीला हात लावणाऱ्यासाठी नाही. ते वाढवून घ्यायला हवं.

इंग्लंडचा नमुना म्हणून मी गौरव करत नाही. इथेही रुग्णालयांच्या दारात ॲम्ब्युलन्सच्या रांगा लागतात, आणि रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या दहांतला एकही धड वाचत नाही. पण इथे हा आकडा निदान मोजला जातो, छापला जातो आणि त्यावर भांडता येतं. १०८च्या पुढच्या करारात गाड्यांच्या संख्येशेजारी तीन रकाने मागायला हवेत, जिल्हावार : फोनपासून पहिल्या दाबापर्यंतचा वेळ, फोनपासून पहिल्या शॉकपर्यंतचा वेळ, आणि स्वतःच्या पायांनी घरी गेलेले रुग्ण.