दोन वर्षांच्या मुलाचा रविवार दुपारी बाराला संपायला हवा

शनिवारी रात्री ठरतं, 'उद्या बाळाला घेऊन कुठेतरी जाऊया.' रविवारी सगळ्यांच्या आंघोळी, नाश्ता, आवराआवर होईस्तोवर साडेअकरा वाजतात. बाराच्या उन्हात निघायचं, दीडला तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं, आणि दोनच्या सुमाराला मूल फरशीवर लोळण घेतं. बघणारे म्हणतात, फारच हट्टी आहे हो. ते हट्टी नसतं, झोपेला आलेलं असतं.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत 11 ते 14 तास झोप लागते, त्यात दुपारची झोप धरलेली आहे. दिवसातून एकदाच झोपणारं मूल सकाळी सातला उठलं तर साधारण पाच ते साडेपाच तास हसतखेळत राहतं. म्हणजे साडेबाराला अंथरुणावर. त्याच्या आधी अर्धा तास जेवण, म्हणून बाराला घरात. बाहेर जायची जागा कोणती हे नंतर ठरवा, परतायची वेळ आधी.

मुंबईत हे गणित आणखी एका कारणाने जुळतं. रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलचे काही मार्ग बंद ठेवतात तो, मध्य आणि हार्बरवर बहुतेक वेळा अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो, पश्चिमेचा जम्बो ब्लॉक साधारण दहा ते तीन. त्या काळात स्लो गाड्या फास्ट मार्गावर वळवतात, काही स्टेशनं गाळतात, आणि उरलेल्या गाड्यांना कामाच्या दिवसासारखी गर्दी होते. त्यामुळे ब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते शनिवारीच पाहून ठेवा आणि शक्यतो तो सुरू व्हायच्या आत परतीची गाडी पकडा. पश्चिमेला ब्लॉक तुमच्याच मार्गावर असेल तर त्या रविवारी लांब जाऊच नका, बसच्या टप्प्यातली बाग शोधा.

राणीच्या बागेचंच घ्या. भायखळा पूर्वेला उतरून चालत दहा-बारा मिनिटं. साडेनऊला आत, पावणेअकराला बाहेर. बुधवारी बंद असते हे मुंबईकरालाही ऐन वेळी आठवतं. सव्वा तासात काय बघून होणार, असं मोठ्यांना वाटतं. मुलाच्या दृष्टीने तेवढं भरपूर आहे. पेंग्विन पाहायचे असतील तर गेटातून थेट तिकडेच जा, गर्दी वाढली की काचेपुढे मोठ्यांच्या पायांशिवाय मुलाला काही दिसत नाही. तिथे पाच मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ झाडांखाली घालवा. 1862 साली खुली झालेली ही बाग मुळात वनस्पती उद्यान आहे. गोरखचिंचेचं ते अवाढव्य खोड, खाली पडलेल्या शेंगा, मुंग्यांची रांग, कावळा, यांच्याजवळ मूल जेवढं थांबतं तेवढं वाघाच्या पिंजऱ्यापाशी थांबत नाही. वाघ लांब असतो आणि बहुतेकदा झोपलेला. एका फेरीत एकच गोष्ट, हे पथ्य मात्र पाळा. बागेनंतर 'आलोच आहोत तर' म्हणून मॉल, मग मामाकडे जेवण, असं जोडत गेलं की संध्याकाळपर्यंत घरातले सगळेच रडकुंडीला येतात.

जायचं कसं? महागडा स्ट्रॉलर या शहरात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. उखडलेले पेव्हर ब्लॉक, फूटपाथच्या तोंडाशी रोवलेले खांब, पादचारी पुलाचे जिने. शेवटी एकाच्या कडेवर मूल आणि दुसऱ्याच्या हातात गाडी अशी वरात निघते. मरीन ड्राइव्ह, विमानतळ, मॉल इथे तो चालतो. बाकी ठिकाणी कांगारू बॅग, म्हणजे मुलाला अंगाशी बांधून न्यायची पिशवी. घेताना बसण्याची पट्टी मुलाच्या एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचते का ते बघा. गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर हवेत. पाय नुसते लोंबकळत असतील तर ती बॅग नको. मुलाचा माथा तुमच्या हनुवटीच्या खालीच यावा, मान खाली घालून पापी घेता येईल एवढ्या उंचीवर. कमरेचा पट्टा आधी घट्ट, खांद्याचे नंतर. उलटं केलं की सगळं वजन खांद्यावर येतं आणि तासाभरात पाठ धरते.

लोकलला पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. चढण्याउतरण्याच्या वेळी मूल कितीही चालतं असलं तरी बॅगेत किंवा कडेवरच घ्या, फूटबोर्ड आणि फलाटातली फट त्याच्या पावलापेक्षा मोठी असते. सपाता नकोत, मागे पट्टा असलेल्या चपला घाला. एक सपात रुळांवर पडली की परतीचं सगळं अंतर मुलाला उचलून आणावं लागतं. उतरायला एक स्टेशन आधी उठा, पण दारात जाऊ नका, आतल्या बाजूला दांड्याला धरून राहा. रिक्षात मूल दोघांच्या मध्ये, कडेला नाही. ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभं तर मुळीच नाही, कचकन ब्रेक लागला की तोंड तिथेच आपटतं. टॅक्सीत पुढच्या सीटवर मांडीत घेऊ नका, एअरबॅग उघडली तर तिचा धक्का मुलालाच बसेल. आणि स्कूटरवर पुढे पायांशी उभं केलेलं मूल पाहिलं की पोटात गोळा येतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा हवा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत, असा नियमच आहे. तो 2023 पासून लागू झाला. 'इथेच तर जायचंय नाक्यापर्यंत' ही सबब नाक्यावरच्या खड्ड्याला कळत नाही.

पिशवी रात्रीच भरा. दर तीन तासांना एक डायपर आणि वर एक. कपड्यांचा एक पूर्ण जोड, शिवाय एक जादा चड्डी. ओले कपडे घालायला जाड प्लास्टिकची पिशवी. दोन जुने पंचे, त्यातला एक ओला करून डब्यात. स्ट्रॉची बाटली, 300 मिलिलिटर पाण्याची. मूल ज्याच्या अंगावर असेल त्याच्यासाठी एक टी-शर्ट. हा नेहमी राहतो आणि नेमका लागतो. वापरलेला डायपर घट्ट गुंडाळून वर्तमानपत्रात बांधा, वर लाल खूण करा, दिसेल त्या टोपलीत टाकू नका.

डब्यात कोरडं आणि मऊ. दोन घावन किंवा धिरडी, एक केळं, वाफवलेल्या गाजराच्या फोडी. ओल्या नारळाची चटणी, दूध आणि दहीभात मुंबईच्या दमट हवेत दोन तासांवर भरवशाचे राहत नाहीत. फुटाणे, शेंगदाणे, पॉपकॉर्न या वयाला द्यायचेच नाहीत. भेळेतले शेंगदाणे आणि डाळही त्यातच आली, 'एकच घास' म्हणून भरवू नका. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, आडवा काप गोल राहतो आणि घशात बुचासारखा बसतो. चालत्या रिक्षात आणि पळताना काहीही भरवू नका. घास अडकून मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके, पुन्हा थापा. हे एक वर्षावरच्या मुलासाठी. सोबतच्या कुणीतरी रुग्णवाहिकेसाठी 108 लावायचा. दिसत नसताना घशात बोट घालू नका, घास आणखी खाली जातो.

परतीच्या गाडीत मूल पेंगायला लागतं. इथेच बहुतेकांची दुपार हातची जाते. साडेअकराला लागलेली पंधरा मिनिटांची डुलकी घरची दीड-दोन तासांची झोप खाते. जागं ठेवायला खिडकी, येणाऱ्या स्टेशनांची नावं मोठ्याने. मोबाइल नको. दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, चारपर्यंत दिवसाला तासाच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय स्टेशन आलं की तो हातातून काढून घेताना होणारं रडणं वेगळंच.

मूल झोपलं की ते उठायच्या आत घरातल्या तीन जागा पाहून घ्या. पहिली बॉक्स ग्रिल, म्हणजे खिडकीबाहेर पुढे काढलेली लोखंडी जाळी. कुंड्या आणि वाळत घातलेल्या कपड्यांमधून रस्ता दिसतो म्हणून मुलाला तिथे बसवतात, खेळणी देतात. तिचा तळ माणसाच्या वजनासाठी केलेला नसतो, आणि पावसाळ्यांत भिंतीशी जोडलेले सांधे गंजतात. तिथे बसायची सवयच लावू नका. खिडकीखाली स्टूल, टीपॉय, कपड्यांची टोपली ठेवू नका, गजांमधलं अंतर चार इंचांपेक्षा कमी हवं. दुसरी, पाण्याची बादली. पाणी ठरावीक वेळीच येतं, त्यामुळे बादल्या-पिंपं भरून ठेवावी लागतात. पण या वयाचं मूल डोक्याकडून जड असतं, वाकून आत पडलं तर त्याला स्वतःला उचलता येत नाही, काही इंच पाणीही पुरतं. पिंपाला घट्ट झाकण लावा, बादल्या वापरून झाल्या की पालथ्या घाला, बाथरूमला बाहेरून वर कडी बसवा. तिसरी, दारं. खोलीच्या दाराची आतली खालची कडी काढूनच टाका. लॅचची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, कारण तुम्ही कचरा ठेवायला बाहेर गेलात आणि मुलाने दार ढकललं की लॅच लागतो, तो आतून उघडता येण्याएवढं मूल मोठं नसतं, आणि गॅसवर कुकर असतो.