"साठीनंतर व्यायामानं स्नायू तुटतात" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या आईनं परवा खुर्चीवरून उठबस करायचा व्यायाम बंद केला. गुडघ्यासाठी फिजिओवाल्या मॅडमनी सांगितलेला, रोज सकाळी दहा वेळा, आणि तिसऱ्याच दिवशी मांड्या भरून आल्या म्हणून बसली ती बसलीच. वय ६८, सोलापूरच्या पूर्व भागात वीस-बावीस वर्षं विड्या वळलेल्या, म्हणजे दिवसभर मांडीवर सूप आणि हालचाल काय ती बोटांची. का सोडलं म्हणून विचारलं तर मोबाईल पुढं केला, "हे वाच की". माझ्या चार ग्रुपवर येऊन गेलेला तोच मेसेज. दुखतंय म्हणजे लॅक्टिक ॲसिड साचलंय, लिंबूपाणी प्या न् आराम करा. स्नायू जन्मताना मोजून मिळतात, साठीनंतर व्यायाम केला तर उरलेले पण तुटतात. आणि व्यायाम सोडला की स्नायूची चरबी होते, पहिलवान बघा.

मी बारावीला बायोलॉजी शिकवते, आणि या मेसेजनं माझ्या घरातला व्यायाम बंद पाडलाय, म्हणून एकेक धरून लिहिते.

पहिलं लॅक्टिक ॲसिड. जोराचं काम करताना स्नायूत लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) तयार होतं, खरंय. पण ते साचून राहत नाही, थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं प्रमाण जागेवर येतं, कारण तो कचरा नाहीच, हृदय ते इंधन म्हणून वापरतं, लिव्हर त्यातून परत ग्लुकोज बनवतं. आईच्या मांड्या दुखायला लागल्या दुसऱ्या दिवशी न् कळ वाढली तिसऱ्या दिवशी, तोवर लॅक्टेट कुठलं राहतंय? लिंबूपाणी उन्हाळ्यात जरूर प्या, पण धुऊन काढायला आत काही उरलेलंच नसतं.

मग दुखतं कशानं? जिना चढताना धाप लागते, लॅक्टेट पण चढतानाच जास्त, तरी दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या जास्त करून उतरण्यानं. उतरताना किंवा खुर्चीत हळू बसताना मांडीचा स्नायू लांब होत असतानाच वजन पेलत असतो, त्या ओढाताणीत आतल्या बारीक रचनेला किरकोळ इजा होते, सूज येते, दुखतं, दोन-चार दिवसात भरून येतं. आणि भरून आल्यावर तेवढ्याच कामाला तो स्नायू आधीसारखा दुखत नाही. आमच्या सोलापुरात संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, तिच्याआधी नंदीध्वजाचा, म्हणजे मिरवणुकीत उभा पेलून न्यायच्या जड उंच काठीचा, सराव करणाऱ्या कुणालाही विचारा, सुरुवातीला खांदे-कंबर बोलतात आणि संक्रांतीपर्यंत तोच माणूस तेवढंच वजन पेलत चालतो. वजन तेच, शरीर तयार झालेलं. आई नेमकी तयार व्हायच्या आधीच थांबली, हे मला लागलंय.

आता "तुटतात" म्हणजे काय तुटतं ते बघायचं तर स्नायू बघायला पाहिजे. शिजलेल्या मटणाचा तुकडा दोन बोटांत धरून ओढा, धागे धागे सुटतात. तो एकेक धागा म्हणजे तंतूंचा जुडगा. त्यातला एक तंतू म्हणजे एकच पेशी, जाडीला केसासारखी किंवा त्याहून बारीक पण लांब. तिच्या आत आणखी बारीक दोरे, आणि त्या दोऱ्यावर ओळीनं लावलेली खणं, एका मिलिमीटरमध्ये चारशेच्या आसपास. प्रत्येक खणात दोन जातीचे धागे, ॲक्टिनचे पातळ, मायोसिनचे जाड. मेंदूकडून नसेतून निरोप आला की आत कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या पकडायच्या जागा उघड्या होतात आणि मायोसिनची डोकी त्याला धरतात, ओढतात, सोडतात, परत पुढं धरतात. आडातून पोहरा ओढताना आपण हातावर हात टाकत दोर ओढतो ना, तसं. दोर आखूड होत नाही, सरकतो फक्त. हे १९५४ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात शास्त्रज्ञांच्या दोन वेगवेगळ्या जोड्यांनी मांडलं, अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के एकीकडं, ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन दुसरीकडं, आणि दोघं हक्सली नात्यातले पण नव्हते. पकड सोडवायला एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतं, माणूस गेल्यावर काही तासांनी अंग ताठतं ते एटीपी संपल्यामुळं, डोकी धरलेली तशीच राहतात. मला हा धडा शिकवताना दरवर्षी अंगावर काटा येतो.

मेसेजमधलं अर्धसत्य एवढंच की तंतूंची संख्या बऱ्यापैकी लहानपणीच ठरते, आणि वयानुसार स्नायू घटतो. पण तंतू जाड होतो, ते आयुष्यभर चालतं. तंतूला चिकटून राखीव पेशी असतात, १९६१ मध्ये अलेक्झांडर मौरो यांना त्या दिसल्या, त्या दुरुस्तीला धावतात. १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातले नव्वदीच्या आसपासचे १० जण घेऊन ८ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली न् मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी. स्नायूपेक्षा ताकद एवढी जास्त कशी, तर आधी मेंदू शिकतो, जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला. नव्वदीत जमलं, आईचं तर ६८ चाललंय.

चरबीचं परत मटणातच बघा, लाल वेगळं न् पांढरं वेगळं. पेशीच वेगळ्या, व्यायाम सोडला म्हणून स्नायूचा तंतू चरबीची पेशी होत नाही. पहिलवानाचे जोर-बैठका बंद होतात आणि खुराक तसाच राहतो, म्हणून तंतू बारीक होतात न् चरबी वाढते, एका वेळी घडतं म्हणून एकाचं दुसरं झाल्यासारखं दिसतं. यावरून व्यायाम सुरूच करू नका हे कसं काय निघतं?

मात्र सांध्यात टोचल्यासारखी कळ आली, सांधा सुजला, आठवडा झाला तरी दुखणं हटेना, किंवा जोराच्या व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर फॉरवर्ड वाचत बसू नका, डॉक्टरकडं जा, लघवीचं असेल तर त्याच दिवशी.

आईला हे सगळं काल कडक भाकरी चुरता चुरता सांगितलं. आज सकाळी पाच वेळा उठली-बसली, खुर्चीच्या दांड्याला धरून. शुक्रवारी सात करायचं ठरलंय.