‘लोकांना हेच हवं असतं’?

एका लेखात म्हटलंय की माध्यमं फक्त आरसा दाखवतात, लोकांना हवं तेच देतात. नाही पटलं. १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत मॅककॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी चॅपल हिल या गावातल्या १०० कुंपणावरच्या मतदारांना विचारलं, महत्त्वाचे प्रश्न कोणते? बातम्यांनी ज्या प्रश्नांना जास्त जागा दिली होती, उत्तरांतही साधारण तेच वर आले. (आधी कोंबडी की अंडं हा वाद उरतोच, मान्य.) पण तेव्हा निदान पान उलटायला हात तरी लागायचा.

आता माझंच बघा. परवा रात्री घड्याळ दुरुस्तीचा एक व्हिडिओ लावला. तो संपला, गोल चक्र फिरलं, पुढचा आपोआप सुरू. तिसऱ्यात दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जात होती. तो मात्र मी शेवटपर्यंत पाहिला, खोटं कशाला बोलू! यूट्यूबने २०१२ पासून नुसत्या क्लिकपेक्षा किती वेळ पाहिलं याला जास्त वजन दिलंय. म्हणजे माझ्या नावापुढे ‘याला भांडणं आवडतात’ अशी नोंद झाली असणार. सकाळी उघडलं तर सगळी भांडणंच. घड्याळ एकही नाही.