अंध विद्यार्थ्याने परीक्षा विभागाला त्रास न देता पदवी कशी घ्यावी

लेखनिक, म्हणजे तुम्ही सांगाल ते उत्तर लिहिणारा, शोधायला प्रवेश घेतल्याच दिवशी लागा. लेखनिक तुम्ही आणणार असाल, तर 2018च्या सरकारी सूचनांप्रमाणे त्याचं शिक्षण तुमच्याहून एक पायरी खाली हवं. म्हणजे टीवायला एसवायचा. त्याचाही पेपर नेमका त्याच सकाळी असेल, म्हणून मग अकरावीतला एखादा गाठा. अर्थशास्त्रातली ‘सीमांत उपयोगिता’ त्याला अक्षर अक्षर सांगा. तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो तो यासाठीच. ‘आकृतीचे निरीक्षण करा’ आलं, तर तो प्रामाणिकपणे सांगेल, एक रेघ वर जाते, एक खाली. पुढचं तुम्ही ओळखा.

तीन तासांच्या पेपरला चार तास, हे केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पर्यवेक्षक बाईंकडे ते परिपत्रक नसतं. तिसऱ्या तासाची घंटा होताच त्या उत्तरपत्रिकेला हात घालतील. मोबाइल बाहेर ठेवलेला असतो, तेव्हा परिपत्रकाची छापील प्रत खिशात ठेवा. त्या ती सावकाश वाचतील. तो वेळ तुमच्याच खात्यातून जाईल. स्वतंत्र खोली मागू नका. उत्तरं जरा मोठ्यानं सांगितलीत, तर वर्गातल्या बाकीच्यांचंही भलं होईल.

वर्षभराच्या अभ्यासाची मात्र चिंता नको. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. महाग पडते ती सरांची मूळ फाइल. सर नोट्सचा फोटो काढून पीडीएफ करतात आणि स्क्रीन रीडरला ती कोरी पानं वाटतात. फारच गयावया केलीत, तर टाइप केलेली फाइल येते, पण श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधली. त्यात अक्षरं फक्त दिसायला मराठी. आत रोमन अक्षरं नि चिन्हं भरलेली, आणि तीच तुम्हाला वाचून दाखवली जातात. युनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही मराठीच असलेली, मागाल तर उद्धट ठराल.

अपंगत्व 40 टक्क्यांच्या, म्हणजे सवलतींसाठीच्या सरकारी मर्यादेच्या, आत असेल, तर आणखी सोपं. अशांनाही लेखनिक नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2021मध्ये विकास कुमार प्रकरणात सांगितलं. परीक्षा विभागाच्या खिडकीवर ते सांगू नका. तिथे फक्त ‘टक्के किती?’ विचारतात.

यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राच्या, तीन झेरॉक्स, लेखनिकाचं ओळखपत्र, त्याचा फोटो आणि प्राचार्यांची सही, एवढं जमवा. प्राचार्य बैठकीत असतील. पेपरच्या सकाळी लेखनिकाला ताप आला, तरी घाबरू नका. आणीबाणीत लेखनिक बदलायची सोय आहे. त्या आणीबाणीचा अर्ज तेवढा तीन दिवस आधी द्या.