वसंत भरती म्हणे!

पुन्हा तेच! अकरावीच्या भूगोलाच्या वीस वह्या तपासल्या, त्यातल्या सात जणांनी लिहिलंय: ‘वसंत ऋतूत समुद्राला वसंत भरती येते.’ अरे, उधाण म्हणा की! अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून येतं ते, दर महिन्याला दोनदा, भर पावसातसुद्धा. एआयने इंग्रजीतल्या ‘स्प्रिंग टाइड’मधल्या ‘स्प्रिंग’चा ऋतू केला आणि पोरांनी तो उतरवला. अष्टमीच्या भांगाचं, म्हणजे सगळ्यात कमी चढणाऱ्या भरतीचं, तर कुणी नावच घेत नाही.

ही मुलं कुठली, तर रत्नागिरीकडची. आजोबा होडीवर जायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब घरात तोंडपाठ. चतुर्थीला साधारण तीन वाजता. नातू मात्र मोबाइलला विचारतो!

त्यात 1967 चा कोयनेचा भूकंप. एकाने लिहिलं, ‘जमिनीखालच्या चुकीमुळे भूकंप झाला.’ इंग्रजीतल्या ‘फॉल्ट’ची केली चूक! प्रस्तरभंग हो, प्रस्तरभंग, खडक तुटून सरकतात ती भेग! कोणाची चूक, पाटबंधारे खात्याची? (धरणाच्या पाण्याचा संबंध आहे, पण तो असा नव्हे.)

वर बैठकीत सांगतात, ‘एआय वापरा, तुमचा वेळ वाचेल.’ मी वापरतोही, प्रश्न काढायला बरं पडतं. पण परवा भरती-ओहोटीची आकृती मागितली, तर पाण्याचा फुगवटा फक्त चंद्राच्या बाजूला. पलीकडचा गायब! मग दिवसातून दोनदा भरती येते कशी? शेवटी खडू घेऊन मीच काढली.

अजून तेरा वह्या उरल्यात.