होतो उभा परत

आज सकाळपासून डोकं फिरलंय. कुणाशी धड बोलले नाही. लिहून टाकलं तर बरं वाटेल म्हणून बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

पौड रस्त्यावर आमच्या चौकात मधोमध नारंगी खांबांची रांग आहे. तुम्ही सगळ्यांनी असे खांब पाहिलेत. कुणी स्प्रिंग पोस्ट म्हणतं, कुणी रबरी खांब. तिथून कुणी यू-टर्न घेऊ नये म्हणून बसवलेत. सकाळी पावणेनऊला मी रस्ता ओलांडायला उभी होते. एक पांढरी मोठी गाडी आली, इंडिकेटर दिला आणि वळली ती थेट दोन खांबांवरून. आधी पुढचं चाक, मग मागचं. समोरून बस आली म्हणून माझ्या पुढ्यातच थांबावं लागलं तिला. मी काचेवर टकटक केलं. "अहो, खांब दिसले नाहीत का?" माणूस माझ्याच वयाचा, मागे गणवेशातली मुलगी, मांडीवर डबा घेऊन बसलेली. आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. म्हणाला, "मॅडम, रबराचा आहे. होतो उभा परत."

आणि एक खांब झाला खरंच उभा. चाक सुटल्याबरोबर थरथरत सरळ झाला. दुसरा नाही झाला. बुडाशी फाटला होता, एका बाजूनं कातडं लोंबावं तसा लोंबत होता. बस गेली, गाडीही गेली. मी तिथेच उभी.

होतो उभा परत. दिवसभर हे तीन शब्द कानात आहेत. कारण माझा दादा नाही झाला.

जुन्या मित्रांना माहीत आहे, नव्यांसाठी सांगते. २०११ चा जुलै. दादा दुकान बंद करून रात्री साडेदहाला स्कूटरवरून घरी येत होता. धो धो पाऊस, रस्त्यावरचे दिवे गेलेले, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे थेट डोळ्यांत. रस्त्याच्या मधोमध कुणीतरी लोखंडी पाइप रोवून ठेवले होते, बुडाशी काँक्रीट ओतलेले. कधीकाळी दिलेला काळा-पिवळा रंग, तोही उडालेला. चमकणारी पट्टी नाही, काही नाही. दादाचा वेग पस्तीसच्या वर नव्हता, तो कधी जोरात चालवतच नाही. पाइप त्याला दिसला तेव्हा गुडघा त्यावर आदळला होता. गुडघ्याची वाटी फुटली, नडगीत रॉड घालावा लागला. पाइप जागचा हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं. त्यावर दादाच्या रेनकोटची निळी चिंधी अडकलेली होती.

शेजारच्या पानवाल्या काकांनी सकाळीच त्या पाइपला कडुलिंबाची एक मोठी फांदी बांधली होती. लांबून दिसावी म्हणून. आपल्याकडे खड्ड्यात नाही का फांदी रोवत? गाडी लागलीच तर फांदी वाकते, माणसाला काही होत नाही. त्या काकांना कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि त्यांना जे कळलं ते पाइप रोवणाऱ्यांना कळलं नव्हतं.

आता दुपारची गोष्ट. सोसायटीच्या ग्रुपवर मी फाटलेल्या खांबाचा फोटो टाकला. वाटलं, लोक त्या गाडीवाल्यावर चिडतील. चिडलेही. पण पाचव्या मिनिटाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "ही प्लास्टिकची खेळणी काढा आणि रेल्वेचे रूळ रोवा. मग बघू कोण चढवतो गाडी." त्याखाली अंगठेच अंगठे. काका वयानं मोठे आहेत, माझ्या बाबांच्या ओळखीचे. मी उलट लिहिलं नाही. इथे लिहितेय.

काका, रुळावर आदळणार कोण, याचा विचार करा ना. सकाळचा तो गाडीवाला? त्याला तर खांब स्वच्छ दिसला होता. दिसला, मऊ आहे हे माहीत होतं, म्हणूनच चढवली. तिथे रूळ असता तर तो पुढच्या चौकातून वळला असता, गाडीला ओरखडासुद्धा आला नसता. रुळावर आदळेल तो ज्याला दिसलाच नाही. पावसात, अंधारात, दुचाकीवरून घरी जाणारा. चष्म्यावर पाणी आलेला साठीचा माणूस. ब्रेक लावताना घसरलेली कॉलेजची पोरगी. मुजोरी करणारा एक, हाडं मोडणार दुसऱ्याची. ही शिक्षा आहे का? माझ्या घरात अशी एक शिक्षा पंधरा वर्षं होत आली, चालू आहे, आणि ज्याला झाली त्याचा गुन्हा काय, तर पाऊस पडत होता.

हो, मान्य आहे, या खांबानं ट्रक थांबत नाही. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या ट्रकनं जवळजवळ पन्नास गाड्या ठोकल्या, तिथे असले शंभर खांब असते तरी काही झालं नसतं. आणि फुटपाथवर दुचाक्या चढतात तिथे दणकट खांबच हवेत, त्यावर माझं भांडण नाही. पण रस्त्याच्या मधोमध, जिथे माणूस चुकून आदळू शकतो, तिथे लोखंड नको म्हणजे नको.

या खांबाचं काम अडवायचं नाहीच, दाखवायचं आहे. बहुतेकांच्या आत स्प्रिंगही नसते. पॉलियुरेथेनसारखं लवचिक प्लास्टिक असतं. ते झोपतं आणि आपल्या मूळ आकारात परत येतं. उंची साधारण पाऊण मीटर, म्हणजे स्कूटरच्या हँडलच्या थोडं खाली. वर त्या पांढऱ्या पट्ट्या असतात ना, त्या हेडलाइटचा उजेड जिथून आला तिकडेच परत पाठवतात. म्हणून दिवे गेलेल्या रस्त्यावरही फक्त आपल्या गाडीच्या उजेडात त्या लांबून दिसतात. दादाला त्या रात्री एवढंच हवं होतं. हातभर पट्टी.

वळणं, कडा, अडथळे दाखवणाऱ्या या खुणांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र संहिता आहे, आयआरसी ७९. ही संस्था १९३४ ची. ती ज्या समितीच्या शिफारशीतून निघाली, तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तेच जयकर, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, ज्यांच्या नावाच्या ग्रंथालयात आपल्यातल्या निम्म्यांनी परीक्षेचा अभ्यास केला. नियम आपल्याकडे नाहीत असं मला कुणी सांगू नका. स्वीडनच्या संसदेनं १९९७ साली ठरवलं की माणूस चुकणारच, पण त्या चुकीला मरण किंवा जन्माचं अपंगत्व ही किंमत असता कामा नये, रस्ते तसे बांधायचे. आम्हाला मात्र रूळ हवेत. अंगठे देऊन हवेत!

आणि ज्यांनी हे खांब बसवले त्यांनाही मी सोडणार नाही. बसवतानाचे फोटो निघाले, त्यानंतर तिकडे कोणी फिरकलं नाही. आमच्या रांगेत अकरा होते, आज सात आहेत. गेलेल्या चारांच्या जागी काय आहे माहितीये? बोल्ट. एकेक खांब तीन बोल्टांवर असतो. खांब उपटला जातो आणि बोल्ट बोटभर वर राहतात, वरून गंजलेले, कडेला धार आलेले. म्हणजे वाकणारा खांब लावला आणि त्याच्या जागी न वाकणारं लोखंड उरलं. चौकातल्या पंक्चरवाल्या काकांनी मला टायरमधून निघालेला तुकडा दाखवला. म्हणाले, "ताई, आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाईकं यानंच येतात. मला पैसे मिळतात, पण बरं नाही वाटत. परवा एक आजी ठेचकाळल्या." मी तक्रार केली आहे, मार्चमध्ये एकदा आणि आज परत. नंबर आला आहे मोबाइलवर.

राहिलेल्या सातांतल्या पाचांवरच्या पट्ट्या दिसतही नाहीत. संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिलं. धूळ, टायरची काळी ओढ, एकावर क्लासची जाहिरात चिकटवलेली. मी रुमाल ओला करून एक पट्टी पुसली. आतून इतकी पांढरीशुभ्र निघाली! मागून येणाऱ्या रिक्षाचा उजेड पडला आणि ती एकटी लखकन चमकली. बाकीचे खांब अंधारात. मला एकदम भरून आलं, रस्त्यातच.

चिडून लिहायला बसले होते, आता राग तेवढा राहिला नाहीये. त्या गाडीवाल्याचंही मला आता वेगळंच वाटतंय. मागे त्याची मुलगी होती. काही वर्षांनी ती स्कूटर शिकेल, याच रस्त्यावरून जाईल, पावसातही जाईल. त्या दिवशी खांब उभा असावा, एवढं त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी फक्त ओरडले.

दादा दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढायचा. वर पोचला की मडक्यातलं दही खाऊन मला फोन करायचा, "अजून झोपलीयस का?" आता आम्ही गाडीनं वर जातो. तो कठड्याशी उभा राहून पायवाटेनं वर येणाऱ्यांकडे बघत बसतो. वहिनी त्याला हाक मारत नाही अशा वेळी, मीही नाही. रॉड काढला तरी गुडघा पूर्ण वळत नाही. जमिनीवर बसता येत नाही, गणपतीच्या आरतीलाही तो खुर्चीत असतो.

तर उद्या रविवारी सकाळी साडेसहाला मी बादली, साबण आणि फडकी घेऊन चौकात जातेय. सात खांब, अर्ध्या तासाचं काम. रहदारी नसते तेव्हा. चमकणारी बंडी ज्यांच्याकडे असेल त्यांनी घालून या आणि एकानं फक्त येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवा. बोल्ट काढायला पंक्चरवाले काका पाना घेऊन येतो म्हणालेत, पण दोन फारच गंजलेत, कुणाकडे लोखंड कापायची करवत असेल तर आणा.

दादाला आत्ता फोनवर सांगितलं. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी पण येतो. मला वाकता येत नाही, घरून स्टूल आणतो."